ब्रिटनमधील पबमधल्या छोट्या पोकर स्पर्धा : नव्याने खेळू पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नोकरी किंवा शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये आलेल्या बहुतेक मराठी माणसांची पत्त्यांशी ओळख घरातच झालेली असते. सुट्टीतला बदाम सात आणि मेंढीकोट, लग्नघरातली रमी, दिवाळीच्या रात्रीची तीन पत्ती यांवर वाढलेल्या माणसाला जवळच्या पबमध्ये आठवड्यातून एकदा पोकरची स्पर्धा भरते असे कळले, की तिथे जावेसे वाटणे स्वाभाविक आहे. हा छंद चांगला आहे. संध्याकाळ माणसांत जाते, डोके चालते, आणि योग्य जागा निवडली तर खर्च सिनेमाच्या तिकिटापेक्षाही कमी येतो. तरीही पुष्कळ जण एकदा जाऊन पुन्हा जात नाहीत, कारण टेबलावरच्या अलिखित पद्धती कोणी सांगितलेल्या नसतात आणि पहिल्याच संध्याकाळी चार वेळा टोकले गेल्याने मन खट्टू होते.

माझे स्पष्ट मत असे आहे, की नवखा माणूस पत्ते वाईट आले म्हणून जितका हरतो, त्याहून अधिक दोन गोष्टींमुळे हरतो: टेबलाची शिस्त ठाऊक नसणे आणि वाढत्या ब्लाइंडच्या (प्रत्येक डावाआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमेच्या) तुलनेत आपल्याकडे किती चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) उरल्या आहेत याचा हिशेब न ठेवणे. म्हणून या लेखात डावपेचांपेक्षा या दोन गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

१. कोणत्या जागी खेळायचे ते कायदा पाहून ठरवा

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांना २००५ चा जुगार कायदा लागू होतो. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनी पुढील आकडे गृहीत धरू नयेत. या कायद्यानुसार मद्यविक्रीचा परवाना असलेल्या पबमध्ये वेगळा परवाना न घेता पोकर खेळता येते, मात्र त्याला मर्यादा आहेत. एका खेळात एका व्यक्तीला जास्तीत जास्त ५ पौंड लावता येतात, संपूर्ण पबमध्ये एका दिवसात मिळून १०० पौंडांपेक्षा जास्त रक्कम लागता कामा नये, आणि कोणतेही बक्षीस १०० पौंडांपेक्षा मोठे असू शकत नाही. म्हणजे प्रत्येकी ५ पौंड असतील तर वीस खेळाडूंवर स्पर्धेची मर्यादा संपते. खेळणारा प्रत्येक जण अठरा वर्षांवरचा असावा लागतो.

इथे एक सापळा आहे. पबला खेळण्यासाठी कोणतेही शुल्क घेता येत नाही आणि जमलेल्या रकमेतून काही कापूनही ठेवता येत नाही. लावलेला प्रत्येक पौंड बक्षिसांतच परत गेला पाहिजे. त्यामुळे ‘५ पौंड स्पर्धेचे आणि १ पौंड टेबलाचा’ असे कोणी सांगत असेल, किंवा बाद झाल्यावर आणखी पैसे भरून पुन्हा बसा असा आग्रह करत असेल, तर ती स्पर्धा नियमांत बसणारी नाही आणि तिथे न बसलेलेच बरे. सभासदांच्या क्लबांसाठी मर्यादा वेगळ्या आहेत: प्रत्येकी १० पौंड, दिवसाला २५० आणि आठवड्याला १,००० पौंड, कमाल बक्षीस २५० पौंड. क्लबला थोडे सहभाग शुल्क घेता येते.

अनेक पबमध्ये पैसे न लावता खेळण्याच्या रात्रीही असतात. तिथे क्रमांकानुसार गुण मिळतात आणि गुणांवर पुढच्या फेऱ्या ठरतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्य असेल तर अशीच रात्र निवडावी. तिथली माणसे शिकवायला तयार असतात, आणि पैसा मध्ये नसल्याने एखादी चूक झाली तरी कोणाचे नुकसान होत नाही.

२. ओळखपत्र आणि सोबत न्यायच्या वस्तू

- छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र: पासपोर्ट किंवा ब्रिटिश वाहन परवाना.
- स्पर्धेपुरती रोख रक्कम. शक्यतो पाच पौंडांच्या सुट्या नोटा.
- पत्त्यांवर ठेवायला एखादे जड नाणे किंवा छोटी वस्तू. त्याचे कारण पुढे येईल.
- शेवटच्या बसची किंवा गाडीची वेळ लिहून ठेवलेली.

ओळखपत्राबद्दल थोडे अधिक सांगणे गरजेचे आहे. तुम्ही चाळिशीचे दिसत असाल तर पबमध्ये कोणी विचारणार नाही, पण विद्यार्थ्यांना हमखास विचारतात. पूर्वी निवासाचे जे प्लॅस्टिकचे कार्ड जवळ असायचे, त्याची जागा आता ई-व्हिसाने घेतली आहे, त्यामुळे खिशात ठेवण्यासारखे सरकारी कार्ड नव्याने आलेल्यांकडे उरत नाही आणि ते पासपोर्ट घेऊन फिरतात. रात्री पबमध्ये पासपोर्ट नेणे मला मुळीच पसंत नाही. तो हरवला तर भारतीय उच्चायुक्तालयाचे खेटे आणि व्हिसाची दुरुस्ती दोन्ही मागे लागतात. त्याऐवजी शिकाऊ वाहन परवाना काढावा. ऑनलाइन अर्जाला ३४ पौंड पडतात, गाडी शिकण्याचा विचार नसला तरी तो काढता येतो, आणि ओळखपत्र म्हणून तो सगळीकडे चालतो.

३. तीन पत्तीच्या सवयी बाजूला ठेवा

या स्पर्धांमध्ये बहुधा टेक्सास होल्डेम हाच प्रकार खेळला जातो. प्रत्येकाला दोन पत्ते बंद मिळतात आणि टेबलाच्या मध्यभागी पाच पत्ते सर्वांसाठी उघडले जातात: आधी एकदम तीन, मग एक, मग आणखी एक. सातांपैकी सर्वांत चांगल्या पाच पत्त्यांचा हात धरला जातो. पैसे लावण्याच्या चार फेऱ्या होतात: दोन बंद पत्ते मिळाल्यावर पहिली, आणि मधले पत्ते उघडतील तशा पुढच्या तीन.

तीन पत्ती खेळलेल्या माणसाला हे लवकर समजते, पण जुन्या सवयी तितक्याच लवकर अडचणीत आणतात. तीन पत्तीत ट्रेल (तीन सारखे पत्ते) सर्वांत मोठी आणि सिक्वेन्स (ओळीने येणारे पत्ते) हा कलरपेक्षा (एकाच रंगाच्या पत्त्यांपेक्षा) मोठा असतो. पोकरमध्ये पाच पत्त्यांचा कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा, आणि तीन सारखे पत्ते या दोन्हींच्या खाली. वरून खाली क्रम असा: एकाच रंगाचा सिक्वेन्स, चार सारखे, तीन सारखे अधिक एक जोडी म्हणजे फुल हाउस, कलर, सिक्वेन्स, तीन सारखे, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर मोठा पत्ता. एक्का–राजा–राणी–गुलाम–दश्शी हा सर्वांत मोठा सिक्वेन्स आणि एक्का–दुर्री–तिर्री–चव्वी–पंजी हा सर्वांत लहान. राजावरून एक्क्यावर आणि तिथून दुर्रीवर असा वळसा घेता येत नाही. इस्पिक मोठे की बदाम मोठे हा प्रश्नच नाही. सर्व रंग समान असतात, आणि दोघांचे पाचही पत्ते सारख्याच किमतीचे निघाले तर रक्कम वाटून दिली जाते.

तीन पत्तीत पत्ते न पाहता खेळणारा तो ब्लाइंड. इथे ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायच्या चिप्स: बटणाच्या डाव्या हाताला बसलेल्याची लहान आणि त्याच्या पुढच्याची मोठी. बटण ही पत्ते वाटणाऱ्याची जागा दाखवणारी चकती असून ती प्रत्येक डावाला एक जागा डावीकडे सरकते. ‘साइड शो’ (शेजाऱ्याशी पत्ते ताडून पाहणे) हा प्रकार इथे नाही. डाव चालू असताना शेजाऱ्याला पत्ते दाखवले, तर पहिल्यांदा ताकीद मिळते आणि पुढे काही काळ खेळाबाहेर बसावे लागते.

जोडीसोबतच्या पत्त्याकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण नवखे इथेच सर्वाधिक चिप्स घालवतात. मध्ये एक्का, राणी, नव्वी, पंजी, तिर्री उघडलेले आहेत, तुमच्याकडे एक्का–सत्ती आहे आणि समोरच्याकडे एक्का–राजा. दोघांचीही एक्क्यांची जोडी झाली, पण पाच पत्ते मोजताना त्याचा राजा येतो आणि तुमची सत्ती मागे पडते. एक्का हातात आहे म्हणून प्रत्येक डावात उतरणाऱ्याच्या चिप्स अशाच हळूहळू दुसरीकडे जातात.

४. वेळेच्या वीस मिनिटे आधी पोहोचा

बारवर जाऊन पोकर कोण चालवते ते विचारावे. नाव नोंदवताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: सुरुवातीला चिप्स किती मिळतात, ब्लाइंड किती मिनिटांनी वाढतात, आणि बक्षिसे कितव्या क्रमांकापर्यंत आहेत. जागा चिठ्ठीने किंवा पत्ता ओढून ठरते; मित्राशेजारी बसण्याचा हट्ट धरू नये. चिप्स मिळाल्या की लगेच मोजाव्यात, कारण पहिला डाव झाल्यावर कमी मिळाल्याची तक्रार कोणी ऐकणार नाही. चिप्सवर लिहिलेल्या आकड्यांचा पौंडांशी काही संबंध नसतो. दहा हजारांच्या चिप्स समोर असल्या तरी तुमचे पाच पौंडच लागलेले असतात.

मद्य घेतले पाहिजे असे बंधन नाही. परंतु पब ही जागा आणि टेबले फुकट देतो, तेव्हा निदान एखादे शीतपेय विकत घेणे ही रीत आहे आणि ती पाळावी.

५. टेबलाची शिस्त : हा भाग दोनदा वाचावा

आपली पाळी येईपर्यंत काहीही करू नये. पत्ते टाकून द्यायचे मनात पक्के असले तरी पाळीआधी टाकू नयेत, कारण तुमच्या आधी बसलेल्याला त्यातून अशी माहिती मिळते जी मिळायला नको होती.

पाळी आली की आधी तोंडाने स्पष्ट सांगावे आणि मग चिप्स सरकवाव्यात. पुढे काही लावायचे नसेल आणि कोणी लावलेलेही नसेल तर ‘चेक’, समोरच्याने लावले तेवढेच द्यायचे तर ‘कॉल’, वाढवायचे तर ‘रेझ’ आणि आकडा, सोडायचे तर ‘फोल्ड’. पाळीवर उच्चारलेला शब्द बांधील असतो. ‘कॉल’ म्हटल्यानंतर विचार बदलला तरी चिप्स द्याव्याच लागतात. ही शिस्त जाचक वाटेल, पण ती नवख्याच्या फायद्याची आहे: बोलून खेळणाऱ्याच्या हेतूबद्दल वाद होत नाही आणि पुढचे दोन नियम त्याला कधी बाधत नाहीत.

त्यातला पहिला एका चिपचा. समोरच्याने २०० लावले असताना तुम्ही काही न बोलता १,००० ची एकच चिप पुढे टाकली, तर ती वाढ न धरता साधा कॉल धरला जातो आणि ८०० परत मिळतात. दुसरा नियम चिप्स तुकड्यातुकड्यांनी पुढे न नेण्याचा. आधी कॉलपुरत्या चिप्स ठेवायच्या, समोरच्याचा चेहरा पाहायचा आणि मग ‘आणि वर आणखी पाचशे’ असे म्हणायचे, हे चालत नाही; पहिल्या हालचालीत ठेवले तेवढेच धरतात. पत्त्यांच्या गप्पांत हे आपण सर्रास करतो, म्हणून जाणीवपूर्वक मोडावी लागणारी ही सवय आहे.

वाढ किती करायची यालाही किमान मर्यादा असते: आधीच्या वाढीइतकी तरी. ब्लाइंड ५० आणि १०० आहेत, एकाने ३०० केले, म्हणजे त्याने २०० ने वाढवले. आता तुम्हाला वाढवायचे तर किमान ५०० करावे लागतील.

पत्ते नेहमी टेबलावरच ठेवावेत, कोपरा उचलून पाहावेत आणि वर ते जड नाणे ठेवावे. शेजाऱ्याने टाकलेले पत्ते तुमच्या पत्त्यांत मिसळले किंवा वाटणाऱ्याने ते चुकून गोळा केले, तर तुमचा डाव तिथेच संपतो, मग हातात एक्क्यांची जोडी का असेना. मोठ्या किमतीच्या चिप्सही दिसतील अशा समोर ठेवाव्यात, कारण तुमच्याकडे किती आहे हे जाणून घेण्याचा समोरच्याला अधिकार आहे.

एखाद्याच्या सर्व चिप्स लागल्या आणि इतरांच्या शिल्लक असल्या तर रक्कम दोन ढिगांत विभागली जाते. समजा, एकाने आपले सर्व २,००० लावले आणि दोघांनी प्रत्येकी ५,००० लावले. मुख्य ढीग ६,००० चा, ज्यावर तिघांचाही हक्क. बाजूचा ढीगही ६,००० चा, पण त्यावर फक्त शेवटच्या दोघांचा. २,००० वाला सर्वांत मोठा हात दाखवूनही दुसऱ्या ढिगाला हात लावू शकत नाही.

शेवटी पत्ते दाखवायची वेळ येते तेव्हा दोन्ही पत्ते सरळ टेबलावर उघडे ठेवावेत आणि निकाल लागून ढीग सरकवला जाईपर्यंत सोडू नयेत. समोरचा ‘कलर’ म्हणाला म्हणून घाईने आपले पत्ते फेकून देऊ नयेत. तोंडी दाव्याला महत्त्व नाही. उघडलेले पत्ते काय आहेत तेच धरले जाते, आणि पुष्कळदा समोरच्याने चार बदाम आणि एक चौकट पाहून कलर समजलेला असतो.

६. पत्ते पिसण्याची आणि वाटण्याची तयारी घरी करा

पबमध्ये स्वतंत्र डीलर नसतो. खेळाडूच पाळीपाळीने वाटतात. पिसताना जोड हातात उंच धरला तर खालचा पत्ता शेजाऱ्यांना दिसतो, म्हणून तो टेबलाजवळ ठेवून पिसावा आणि दुसऱ्याकडून कापून घ्यावा. बटणाच्या डावीकडून सुरुवात करून एकेक असे दोन फेरे वाटावेत. मधले तीन पत्ते उघडण्याआधी वरचा एक पत्ता बंदच बाजूला ठेवायचा, आणि पुढचे दोन उघडतानाही प्रत्येक वेळी तसेच. सलग दोन-तीन संध्याकाळी घरच्यांना घेऊन सराव केला तर एवढे सहज जमते. वाटणे जमत नसेल तर तसे आधीच सांगावे. कोणीतरी तुमच्या वतीने वाटून देतो आणि त्यात कमीपणा नाही.

७. चिप्स मोजू नका, मोठे ब्लाइंड मोजा

स्पर्धेचे सारे गणित या एका सवयीत आहे. समजा, सुरुवातीला १०,००० च्या चिप्स मिळाल्या आणि ब्लाइंड दर पंधरा मिनिटांनी असे वाढतात: २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००, २००/४००, ३००/६००, ४००/८००, ५००/१०००. पहिल्या टप्प्यात तुमच्याकडे मोठ्या ब्लाइंडच्या दोनशे पट चिप्स आहेत. तुम्ही एकही डाव हरला नाहीत आणि जिंकलाही नाहीत असे धरले, तरी पाऊण तासाने चौथ्या टप्प्यात त्याच दहा हजारांची किंमत पन्नास पट उरते, आणि दोन तासांनी नवव्या टप्प्यात फक्त दहा पट. चिप्स तितक्याच, पण त्यांचे बळ वीस पटींनी घटले.

दुसरीकडे, खेळाडूच वाटणाऱ्या टेबलावर तासाला साधारण वीसच डाव होतात. हातात कोणतीही जोडी येण्याची शक्यता सतरांत एक आणि एक्क्यांची जोडी येण्याची २२१ डावांत एक. तीन तासांत साठ डाव धरले, तर संध्याकाळभरात तीन-चार जोड्या येतील आणि एक्क्यांची जोडी बहुतेक वेळा येणारच नाही. जो माणूस ‘चांगले पत्ते येऊ देत, मग खेळू’ म्हणून बसून राहतो, तो ब्लाइंड भरता भरता संपतो.

मग करायचे काय? चिप्स पन्नास पटींच्या वर असताना घाई नको. कमी डाव खेळावेत आणि जागा पाहून खेळावेत. बटणावर बसलेल्याला मधले पत्ते उघडल्यावरच्या प्रत्येक फेरीत सर्वांत शेवटी बोलायला मिळते, म्हणजे इतरांनी काय केले ते पाहून ठरवता येते. हा फार मोठा फायदा आहे. म्हणून आधी बोलायच्या जागेवरून मोठ्या जोड्या आणि एक्का–राजा, एक्का–राणी एवढ्यांवरच उतरावे आणि बटणाजवळ आल्यावर थोडे सैल व्हावे. वीस पटींच्या खाली आलात की किरकोळ पत्त्यांवर ‘बघू तरी’ म्हणून पैसे घालणे पूर्ण बंद करावे. दहा-बारा पटींवर आलात की पर्याय दोनच उरतात: पत्ते टाकणे किंवा सर्व चिप्स पुढे सरकवणे. हे दुसरे पाऊल समोरच्या कोणी रक्कम वाढवलेली नसताना, आपणहून पहिल्यांदा टाकावे. तसे केल्याने समोरचे पत्ते टाकून देतात आणि ब्लाइंड तुम्हाला मिळतात. दुसऱ्याच्या वाढीला उत्तर म्हणून टाकले तर ती शक्यता फारच कमी उरते.

कॉल करण्याआधी आणखी एक साधा हिशेब करावा. ढिगात ६०० आहेत, समोरच्याने ३०० लावले. तुम्ही ३०० देऊन एकूण १,२०० च्या ढिगासाठी खेळणार, म्हणजे चारांत एकदा तरी जिंकलात तरच बरोबरी. तुमचे चार पत्ते बदामाचे आहेत आणि एकच पत्ता उघडायचा बाकी आहे. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत नऊ बदाम उरले आहेत, म्हणजे शक्यता पाचांत एकीपेक्षाही किंचित कमी. एवढ्या किमतीला तो पत्ता पाहणे परवडत नाही. हाच हिशेब टेबलावर मनातल्या मनात करता येऊ लागला की खेळात खरी गोडी निर्माण होते, आणि मला या छंदातला हाच भाग सर्वांत प्रिय आहे.

८. मित्रांसोबत जाताना

मराठी मंडळी बहुधा दोघे-तिघे मिळून जातात, आणि या पायरीवर त्यांच्याबद्दल गैरसमज होण्याचा मोठा धोका असतो. डाव चालू असताना टेबलावर इंग्रजीतच बोलावे असा जवळजवळ सर्वत्र नियम आहे. तुम्ही मराठीत ‘जेवायला कुठे जायचे’ एवढेच विचारले तरी बाकीच्यांना ते कळत नाही, आणि दोघे मिळून खेळत आहेत असा संशय येणे रास्तच आहे. डाव संपल्यावर, टेबलापासून दूर हवे तेवढे मराठी बोलावे.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मित्राला सोडून देणे. हातात मोठे पत्ते असताना समोर मित्र किंवा पत्नी आहे म्हणून लावायचे टाळणे, तो बाद होऊ नये म्हणून मुद्दाम पत्ते टाकणे, किंवा जिंकल्यास बक्षीस वाटून घेऊ असे आधी ठरवून तसे खेळणे, हे घरच्या डावात प्रेमाचे वाटेल. स्पर्धेत ती फसवणूक आहे. त्या टेबलावर आणखी सहा माणसांनी आपापले पैसे भरलेले असतात. ज्याला आपल्या माणसाविरुद्ध मनापासून खेळता येत नाही, त्याने वेगळ्या पबची रात्र निवडावी.

डावातून बाहेर पडल्यावर ‘अरे, मी सत्ती टाकली होती’ असे उद्गारणे, किंवा मधले पत्ते पाहून कोणाकडे काय असेल यावर मत देणे, हेही उरलेल्यांवर अन्यायकारक आहे. भ्रमणध्वनी खिशात ठेवावा.

९. पैशांची वही

वीस खेळाडू, जमा १०० पौंड, आणि बक्षिसे समजा ५०, ३० आणि २० पौंड. म्हणजे सतरा जण दर वेळी रिकाम्या हाताने घरी जाणार. सर्वांचे कौशल्य सारखे मानले तर तुम्हाला सहा-सात स्पर्धांतून एकदा काहीतरी मिळेल, आणि उत्तम खेळाडूलाही ओळीने दहा वेळा काही न मिळणे अगदी शक्य आहे. दर आठवड्याला ५ पौंड म्हणजे वर्षाला २६० पौंड. ही रक्कम छंदाचा खर्च म्हणून आधीच मान्य असेल तरच सुरुवात करावी. तारीख, भरलेली रक्कम, मिळालेली रक्कम आणि प्रवास-खानपानाचा खर्च अशी चार रकान्यांची वही ठेवावी आणि ती घरच्यांना पाहता येईल अशी ठेवावी.

ब्रिटनमध्ये खेळाडूच्या जिंकलेल्या रकमेवर आयकर लागत नाही. भारतात करदाते म्हणून राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे अशा मिळकतीवर ३० टक्के कर आहे.

भाड्याचे किंवा घरी पाठवायचे पैसे खेळात गेले, गेलेले पैसे भरून काढण्यासाठी जावेसे वाटू लागले, किंवा वहीत खोटे आकडे लिहावेसे वाटले, तर त्याच दिवशी खेळ थांबवावा आणि राष्ट्रीय जुगार मदतवाहिनीला ०८०८ ८०२० १३३ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते. ऑनलाइन संकेतस्थळांपासून स्वतःला दूर ठेवण्यासाठी ‘गॅमस्टॉप’ची मोफत नोंदणी करता येते.

१०. कॅसिनोतील छोट्या स्पर्धा

पबमध्ये सरावलात की शहरातल्या परवानाधारक कॅसिनोत भरणाऱ्या स्पर्धांकडे वळता येते. लंडनमध्ये एजवेअर रोडवरचे व्हिक्टोरिया कॅसिनो आणि नॉटिंगहॅममधील डस्क टिल डॉन ही पोकरसाठी प्रसिद्ध ठिकाणे आहेत. तिथे डीलर असतो, डाव अधिक होतात आणि नियम काटेकोरपणे पाळले जातात. प्रवेशशुल्क ‘२५ अधिक ५’ अशा स्वरूपात लिहिलेले असते. पहिला आकडा बक्षिसांत जातो, दुसरा कॅसिनोचा. त्या दोहोंचे प्रमाण पाहूनच स्पर्धा निवडावी. बाद झाल्यावर पुन्हा शुल्क भरून येण्याची सोय असते, आणि तिथेच खर्च दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून ‘एकदाच’ असे घरून ठरवून निघावे. स्पर्धेतून बाद झाल्यावर वाटेत रूलेटची टेबले लागतात. तिथे न थांबता सरळ बाहेर पडावे.

सुट्टीत भारतात गेल्यावर या सवयी तशाच नेऊ नयेत. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, गोव्यात परवानाधारक कॅसिनोंत खेळण्यासाठी वय २१ पूर्ण असावे लागते, आणि पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर संसदेच्या २०२५ च्या कायद्याने बंदी आणली आहे.

११. स्वतःच्या घरी किंवा मंडळात स्पर्धा भरवताना

काही महिन्यांनी ओळखीची माणसे ‘आपल्याकडेच ठेवू’ म्हणतातच. घरी खासगी डाव भरवायला परवाना लागत नाही, पण खेळण्यासाठी कोणतेही शुल्क घेता येत नाही आणि लावलेल्या पैशांतून काही काढून घेता येत नाही. ‘वडापाव आणि चहाचे तीन पौंड दिल्याशिवाय बसायचे नाही’ असे म्हटले की ते शुल्कच झाले. खाणे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून जमवावे.

महाराष्ट्र मंडळाने गणेशोत्सवासाठी किंवा एखाद्या मदतनिधीसाठी पोकरची संध्याकाळ ठेवायची असेल, तर विना-व्यावसायिक खेळांची वेगळी तरतूद आहे: एका दिवसात एका व्यक्तीकडून सर्व मिळून ८ पौंडांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, एकूण बक्षिसे ६०० पौंडांपर्यंत ठेवता येतात, आणि उरलेले पैसे कोणत्या कामासाठी जाणार हे खेळणाऱ्यांना आधी सांगावे लागते. त्यातून कोणाचाही खासगी फायदा होता कामा नये. जमा-खर्चाचा कागद त्याच रात्री दोघांच्या सहीने पूर्ण करून खजिनदाराकडे द्यावा, आणि ब्लाइंडचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावे, म्हणजे पहिल्यांदा आलेल्यालाही ते कोणाला न विचारता वाचता येईल.